गच्चीवरची तार

मानपाड्याला आमच्या इमारतीच्या गच्चीवर माझी अँटेना होती. मधोमध उंच पाइप आणि त्याच्या टोकावरून दोन्ही बाजूंना उतरलेली लांब तार. हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी वायरलेसचं, लायसन्स मिळाल्यावर सोसायटीला विचारून मीच बांधलेली. मला शिकवलं मोहन्याच्या एका सरांनी. ते जहाजावर वायरलेस ऑपरेटर होते, आता निवृत्त. पहिल्याच दिवशी म्हणाले होते, "सेट जेवढी ताकद सोडतो तेवढी अँटेनाने घ्यायला हवी. दोघांचं जुळलं नाही तर ती परत फिरते."

त्या ऑक्टोबरात सेटजवळच्या मीटरवरचा, परत फिरलेली ताकद दाखवणारा काटा चढायला लागला. रोज थोडासा. वर जाऊन तार बघायला हवी होती. मी त्याऐवजी सेट आणि अँटेनाकडे जाणाऱ्या केबलच्या मध्ये ट्यूनर लावला. त्या पेटीचे दोन नॉब फिरवले की काटा खाली बसतो, सेटला वाटतं सगळं जुळलंय. वरचा बिघाड मात्र तसाच राहतो. दर दोन-तीन दिवसांनी नॉब आणखी थोडे फिरवावे लागत होते. वरचा बिघाड वाढतोय, हे मला कळत होतं.

रोज सकाळी सर आणि मी रेडिओवर बोलायचो. एकदा ते म्हणाले, "तुझा आवाज बारीक होत चाललाय रे."

"मीटर तर ओके दाखवतंय, सर."

"मीटर तुझ्या टेबलावर आहे. अँटेना कुठे आहे?"

"रविवारी बघतो," म्हणालो. तो रविवार तसाच गेला.

मग एका सकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी लिफ्टपाशी भेटल्या. "अरे, तुझी ती तार करंट मारते का? आत्ता कपडे वाळत घालताना बोटाला चटका बसला."

"त्यात लाइट नाही हो मावशी. उन्हाने तापली असेल."

सकाळी आठला कसलं ऊन, हे मला रिक्षात बसल्यावर सुचलं. त्याच वेळी मी खाली सरांशी बोलत होतो, आणि सेटवर बोलत असताना तारेच्या टोकाला हात लागला तर भाजतं. तरी मी ऑफिसला गेलो.

पुढच्या रविवारी सरांशी बोलता बोलता काटा एकदम उसळला. मी नॉब फिरवला. बसेना. तेवढ्यात वरून मावशींची किंकाळी आली.

सेट बंद करून मी जिन्याने धावलो. तार ताणून धरणारी नायलॉनची दोरी उन्हाने जीर्ण होऊन लोंबली होती आणि तारेचं टोक कठड्यावर आलं होतं. मावशींनी तिथेच गादी उन्हात टाकलेली. कापूस आतून धुमसत होता आणि त्या नुसत्या हाताने तो विझवत होत्या. मी टाकीतून बादली भरून ओतली. त्यांच्या तारेला लागलेल्या बोटाच्या टोकाला पांढरा डाग पडला होता. वाटलं, एवढासाच तर आहे. डॉक्टर म्हणाले, भाजलंय ते आत, खोलवर. जखम भरली, पण टोकाला स्पर्श कळेनासा झाला तो कायमचा.

"तू म्हणालास ना, उन्हाने?" त्यांनी दवाखान्यातच विचारलं.

"मला शंका होती, मावशी," मी म्हणालो. त्यांनी मान फिरवली.

सर मोहन्याहून आले. नवी दोरी ओढून तार कुणाचाही हात पोचणार नाही इतकी वर घेतली, थेट अँटेनापाशी मोजमाप केलं, ट्यूनर काढून माझ्या हातात ठेवला.

मावशी अजूनही गच्चीवर कपडे वाळत घालतात. जाण्याआधी फोन करतात. "बंद आहे ना रे?" मी सेटची केबल उपटून हातात धरतो, मगच "हो" म्हणतो.