गाऊनसाठी धरलेला उपवास

लग्न ठरलं तेव्हा मी वालीवच्या एका कारखान्यात ऑफिसचं काम करत होते. चुलत बहिणीनं तिच्या लग्नात घातलेला पांढरा गाऊनच मला घालायचा होता आणि तो कमरेत बसत नव्हता. शिवणाऱ्या बाई म्हणाल्या, "आत कापड आहे, सैल करून देते." मी नको म्हटलं. घरी नुकतंच केबल आलं होतं. टीव्हीतल्या मुली बघून मला माझ्याच अंगाची लाज वाटायला लागली होती. गाऊन वाढवण्यापेक्षा मी स्वतःला कमी करायचं ठरवलं.

ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात आम्हा ख्रिस्ती लोकांत लग्नं होत नाहीत, म्हणून तारीख ईस्टरनंतरची होती. एरवी न जेवणाऱ्या मुलीला घरात दहा प्रश्न विचारतात, पण उपवासकाळात तिचं कौतुक होतं. उपवासकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी चर्चमधून कपाळाला राख लावून आले आणि आईला सांगितलं, "यंदा मी दिवसातून एकदाच जेवणार." एवढी लबाडी मला सहज जमली.

आई हरखली. आमच्या सांडोर गावभर सांगत सुटली. दुसऱ्या आठवड्यात तिनंही रात्रीची भाकरी सोडली.

"तुला डायबेटिसच्या गोळ्या चालू आहेत, तू नको करू," मी म्हटलं.

"लेक एवढं करते, मग मी जेवत बसू? देव बघून घेईल."

देव भावाचा भुकेला म्हणतात. मी नुसतीच भुकेली होते. खरं सांगितलं असतं तर मला चार शिव्या घालून ती तिथंच जेवायला बसली असती. पण मग मलाही बसवलं असतं, आणि गाऊनचं शेवटचं बटण अजून लागत नव्हतं.

पाचव्या शुक्रवारी चर्चमध्ये क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या शेवटच्या वाटेवरच्या चौदा स्थानांची प्रार्थना, चालली होती. येशू तिसऱ्यांदा पडतो, त्या स्थानाला सगळे गुडघ्यावरून उठले, आई उठली नाही. बाकाखाली कलंडली. बायकांनी तोंडात साखर घातली आणि आम्ही तिला दवाखान्यात नेलं. "यांना उपाशी कुणी ठेवलं?" डॉक्टरांनी विचारलं.

"कुणी नाय. देवासाठी उपास धरला," आई म्हणाली. मी शेजारी गप्प उभी होते. त्या गप्प राहण्याची मला आजही घृणा वाटते.

गाऊन बसला. फोटोही छान आले. लग्नाआधी पापनिवेदनात मी सगळं सांगितलं, तेव्हा फादर म्हणाले, "आधी आईला सांग." मी रोझरी म्हटली, एक सोडून तीन. आईला सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

आठ वर्षांनी आई अंथरुणाला खिळली. मूत्रपिंडं गेली होती. एका दुपारी माझा हात धरून म्हणाली, "माझ्यासाठी देवाकडे तूच माग. तू उपाशी राहून त्याचं केलंस, तुझं तो ऐकेल."

मी हो म्हणाले आणि डोळे मिटले. मागायला तोंडच नव्हतं. आई मात्र माझी प्रार्थना संपायची वाट बघत शांत पडून राहिली.