गायरानातली घोंगडी

चारठाण्याजवळच्या गायरानात सुगंधाबाईनं तीस वर्षं मेंढरं चारली. मग परदेशातल्या कुठल्याशा विकास बँकेच्या पैशानं तिथं झाडं लागली, भोवती तारेचं कुंपण पडलं. चरायला रान उरलं नाही, म्हणून मेंढरं विकावी लागली. फाटकावरच्या फलकावर मात्र तिचा फोटो झळकला, खाली लिहिलेलं : 'आमच्या भागीदार'. भागीदार! अन् फाटकाच्या कुलपाची किल्ली प्रकल्पाच्या साहेबाच्या खिशात.

बँकेची मॅडम पाहणीला आली त्या दिवशी ते कुलूप उघडलं. धनगराचा पाहुणा उघड्या जमिनीवर बसत नाही, म्हणून सुगंधाबाईनं आपल्याच मेंढरांच्या लोकरीची, घरातली शेवटची घोंगडी अंथरली. मॅडम तिच्यावर बसली, लोकरीवरून हात फिरवत राहिली. अडचण काय हाय, असं मॅडमनं साहेबामार्फत विचारलं.

"मेंढरं गेली, आता अशी घोंगडी व्हायची न्हाई. राहिलेल्या चार शेळ्यांना तरी आत सोडा म्हणावं."

साहेब इंग्रजीत दोनच वाक्यं बोलला. मॅडमचे डोळे भरून आले. तिनं घोंगडीची घडी घातली, छातीशी धरली आणि वाकून नमस्कार केला.

"काय सांगितलं हो तुमी तिला?"

"तुमी घोंगडी भेट दिली म्हणून सांगितलं, मावशी. लय मोठी माणसं हायत, बरं दिसतं."

सुगंधाबाईच्या तोंडाशी शिवी आली. पण पाहुणा जिच्यावर बसला ती घोंगडी परत मागायची रीत धनगरांत नव्हती. साहेबाला हे पक्कं ठाऊक होतं. तोही धनगराच्याच घरचा होता.