चूलबंद आवतन आणि लाल होडी

“पत्रावळी धरा! मान्सं सोडा, पत्रावळी धरा!”

आमच्या क्लबचे अध्यक्ष नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून ओरडत होते. डोक्यावर हेल्मेट, अंगात लाइफ जॅकेट आणि हातात वल्ह्याऐवजी भाजी वाढायचं ओगराळं. त्यांच्या दोन्ही बाजूंनी पळसाच्या पानांच्या पत्रावळी हिवरखेडच्या बाजाराला निघालेल्या बायांसारख्या घोळक्याघोळक्यानं चालल्या होत्या. एकीवर गोवऱ्यांवर भाजलेला अर्धा रोडगा ऐटीत बसला होता. शपथेवर सांगतो, त्याचा तोल माझ्यापेक्षा चांगला होता.

अकोल्यात खळाळत्या पाण्यात होड्या चालवणारा क्लब आहे असं सांगितलं की लोक आधी हसतात, मग पाणी कुठाय म्हणून विचारतात. दोन्ही रास्त आहे. अध्यक्ष, म्हणजे आमचे सर, रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले. जावयानं त्यांना उत्तराखंडात नेलं आणि गंगेवर तासभर रबरी होडीत बसवलं. त्या एका तासात सरांचा चष्मा, एक चप्पल आणि शांत म्हातारपण, तिन्ही वाहून गेली. परत आले ते क्लब काढूनच. दुसऱ्या सभासद अमरावतीच्या मॅडम. त्या तिकडे लेकरांना पोहणं शिकवतात आणि क्लबात पोहता येणाऱ्या त्या एकट्याच, म्हणून दर रविवारी एसटीनं येऊन आमचे जीव वाचवून जातात. तिसरा मी. जठारपेठेत माझं कुलरचं दुकान आहे. जन्मभर लोकांच्या खोल्यांत पाणी शिंपडलेल्या माणसाला एकदा स्वतः भिजावंसं वाटलं, एवढाच माझा गुन्हा. बाकीचे सभासद जेवण असलं की येतात.

सराव आम्ही गावातल्या मोर्णा नदीत सुरू केला. तिच्यात जलकुंभी अशी माजली होती की होडी टाकली तरी पाण्याला लागतच नव्हती, वरच बसायची. एका सकाळी मी तीन तास वल्हं मारलं आणि होतो तिथंच राहिलो. बगळ्यांना वाटलं मी कायमचा आहे. त्यातल्या एकानं माझ्या टोपीत संसार थाटायचा विचार केला होता, मीच उठलो. नदीस्वच्छतेचं काम आम्ही निसर्गप्रेमातून हाती घेतलं, असं सर भाषणात सांगतात. खरं म्हणजे होडी पुढे सरकेना म्हणून आम्ही जलकुंभी उपटायला लागलो, आणि उपटता उपटता सवय लागली.

खरं धावतं पाणी आम्हाला सापडलं ते हिवरखेडच्या पलीकडे. सातपुड्यातून उतरणारी एक नदी आहे. वर धरण. वर्षभर तिच्यात वाळू आणि रिकाम्या बाटल्या. पण धरण भरून दारं उघडली की दोन खडकांच्या मधून पाणी असं सुटतं की गंगेनं येऊन शिकून जावं. फक्त तिथं जायला वाट एकच, एका काकूंच्या वावराच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून. दुसऱ्या बाजूला उभी दरड.

काकू सत्तरीच्या. कपाशी स्वतः पाहतात, गडीमाणसं त्यांना पाहून सरळ चालतात. पहिल्याच दिवशी त्यांनी आमच्या तिन्ही होड्या, दोन पिवळ्या आणि सरांची एक लाल, बोटानं टकटक वाजवून पाहिल्या आणि म्हणाल्या, “न्या बापा. नाचा, कुदा, बुडा. पन माह्या नदीत कचरा दिसला, त् त्याच दिवशी धुऱ्यावर बोराट्या टाकीन. मंग अकोल्यातच वल्हवत बसजा.”

बोराट्या म्हणजे बोरीच्या काटेरी फांद्या. त्या पडल्या की वाट बंद, वाट बंद की क्लब बंद. तेव्हापासून सरांना झोपेतही बोरं दिसायची.

म्हणून त्यांनी दसऱ्याच्या आधीच्या रविवारी मोठी स्वच्छता ठरवली. सकाळी नदी साफ करायची, आणि चार वाजता धरणाचं पाणी सुटणार होतं, तेव्हा गावासमोर होड्यांचं प्रात्यक्षिक.

“पण लोक येतील का?” मॅडमनी विचारलं.

“रोडगे ठेवा,” मी म्हणालो.

निरोप लिहायचं काम माझ्याकडे आलं, आणि सगळा घोळ तिथं झाला. मी लिहिलं, ‘सर्वांना चूलबंद आवतन.’ चूलबंद म्हणजे त्या दिवशी तुमच्या घरी चूल पेटायची नाही, तान्ह्या लेकरापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्यांनी जेवायला यायचं. आमच्याकडे यापेक्षा कमी काही लिहिलं तर तो अपमान समजतात. मी आपला रीत म्हणून लिहिलं. लोकांनी रीत म्हणून पाळलं.

तीन गावांना कुलपं लागली. वाटेत एक एसटी थांबली, ती ड्रायव्हर-कंडक्टरसकट जेवून गेली. एवढे हात लागल्यावर नदी तासाभरात साफ झाली. मग कचरा संपला म्हणून लोक दगड धुवायला लागले. एका बाईनं तर धुतलेला दगड परत घासायला घेतला. “याले नीट नाई घासलं कोनी,” असं म्हणत होती.

आता पंगत बसवायची कुठं? काठावर सगळीकडे कपाशी, आणि काकू विळा घेऊन उभ्या. सरांनी चकचकीत झालेल्या कोरड्या पात्राकडे पाहिलं आणि अभिमानानं म्हणाले, “इथंच बसवा. याच्यापेक्षा स्वच्छ जागा तालुक्यात नाही.”

एकदम खरं होतं ते. म्हणून कोणी विचारच केला नाही.

एक वाजता पहिली पंगत बसली. चार वाजता पाचवी बसलेली होती आणि धरणाचा भोंगा वाजला. आता पानावर बसलेल्या माणसाला उठवायचं कसं? आमच्याकडे तसं केलं तर पुढच्या पिढ्या बोलत नाहीत. सर हात जोडून रांगेतून फिरले, “उठा हो, पाणी येऊन राह्यलं!”

“येऊ द्या ना सर,” एक जण म्हणाला, “आंधी वरण येऊ द्या.”

पाणी आलं ते पाहुण्यासारखं, हळूच. आधी बोटांना लागलं, मग पत्रावळी उचलल्या गेल्या. एक आजोबा आपल्या चालत्या पत्रावळीच्या मागे मागे रांगत चार घास जेवले. मग मात्र मॅडमनी शिट्टी मारून सगळ्यांना वर काढलं. माणूस एकही मागं राहिला नाही. पत्रावळी मात्र पाचही पंगतींच्या तिथंच होत्या, कारण उष्टी काढणं आम्ही शेवटावर ठेवलं होतं. बघता बघता सगळ्या निघाल्या.

आणि खाली वळणावर, धुऱ्याच्या टोकाला, काकू उभ्या होत्या. हातात बोराट्यांचा भारा.

सरांनी तो भारा पाहिला आणि मग ते ओरडले, जे मी सुरुवातीला सांगितलं.

आयुष्यातल्या पहिल्या धावत्या पाण्यात आम्ही होड्या अशा चालवल्या. मॅडम पुढच्या पिवळ्या होडीत, भज्यांचा झारा घेऊन. दुसऱ्या पिवळीत मी, मांडीवर पत्रावळींचा ढीग, नाकातोंडात वांग्याची भाजी. दोन खडकांच्या मधून मी असा उडालो की वरून मला अकोल्यातलं माझं दुकान दिसलं, कामावरचा पोट्टा गिऱ्हाईक सोडून मोबाईल पाहत बसला होता. खाली पडलो तो नेमका तीन पत्रावळींवर. तिन्ही धरल्या. काठावरची तीन गावं टाळ्या वाजवत होती, त्यांना हेच प्रात्यक्षिक वाटलं. “थे तिकडची पकडा, तिकडची!” असं कोणी ओरडलं की आम्ही तिकडे वळायचो. सरांनी लाल होडीतून त्या रोडगेवाल्या पत्रावळीवर झेप घेतली. पत्रावळ हाती आली, होडी पायाखालून गेली. मॅडमनी सरांना कॉलरला धरून काठाला लावलं, आणि अध्यक्षांचा हुकूम पत्रावळींचा होता, म्हणून होडीकडे कोणी पाहिलं नाही.

वळणावर आम्ही तिघं काकूंसमोर उभे राहिलो, ओले, पत्रावळींच्या थप्प्या छातीशी धरून. काकूंनी भारा अजून खाली ठेवला नव्हता.

“काकू,” सर धापा टाकत म्हणाले, “एकबी सुटली नाई.”

काकूंनी एक पत्रावळ घेतली, उलटीसुलटी पाहिली. “पळसाच्या हाय. ह्या त् ढोरंही खातात.” मग विळ्यानं नदीकडे दाखवलं. “ते लाल काय हाय?”

वळणाच्या खाली, त्यांच्या वावरासमोरच्या डोहात, दोन दगडांमध्ये सरांची होडी नाक खुपसून उभी होती.

“ती… आमची होडी.”

“कायची हाय?”

रसायनशास्त्राच्या माणसाला खोटं बोलता येईना. “हाय डेन्सिटी पॉलिइथिलीन.”

“म्हंजे पिलास्टिक.”

“हो.”

काकूंनी विळा कमरेला खोचला. मग भारा खाली टाकला, पण धुऱ्याच्या कडेला, हाताशी राहील असा. “काढा ते. निंगेपर्यंत वाट सुरू ठेवीन. निंगालं का मंग पाहू.”

तेव्हापासून दर रविवारी आम्ही ती होडी काढायला जातो. पहिले दोन रविवार ती खरंच हलली नाही. ती हलेना म्हणून धरणाच्या पाण्यानं आणलेल्या आजूबाजूच्या बाटल्या काढल्या, मग वरच्या, मग थेट दरडीपर्यंतच्या. आता तिथं पाणी असं नितळ आहे की मासे आम्हाला ओळखून बाजूला होतात. एक खंड्या त्या होडीच्या टोकावर रोज बसतो, बहुतेक सभासद व्हायचं म्हणतो. तिसऱ्या का चौथ्या रविवारी मॅडमनी सहज एका हातानं ओढलं आणि होडी सुळकन हलली. सर केवढ्यानं ओरडले, “हळू! निघंल ना!” आणि स्वतः पाण्यात उतरून त्यांनी ती दगडाला दोन दोरांनी पक्की बांधून टाकली.

दोन पावसाळे गेले. होडी तिथंच आहे, वाट सुरू आहे, नदी साफ आहे.

गेल्या रविवारी काकू काठावर येऊन बसल्या. एरवी कधी येत नाहीत. आम्ही तिघं दोर खांद्यावर घेऊन असे कण्हत होतो, जणू आख्खा सातपुडा ओढून राहिलो. काकूंनी आमच्याकडे पाहिलं, होडीकडे पाहिलं, मग दगडाला मारलेल्या सरांच्या गाठींकडे बराच वेळ पाहिलं.

“निंगत नाई का?”

“नाही ना काकू,” सर घाम पुसत म्हणाले. “दोर पुरत नाही.”

काकू उठल्या, लुगड्याची माती झटकली आणि कपाशीकडे वळता वळता म्हणाल्या, “लांब दोर आना मंग. वाट कुठी जात नाई.”