रान बघणारे बापू

बापू कुठल्याही नव्या जागी गेले की आधी बाहेर पडायची वाट शोधत. एमआरटी मेट्रोचा डबा असो, खाण्याच्या ठेल्यांचं हॉकर सेंटर असो की कुणाचा वाढदिवस असलेली कोंडोची इमारत, चारी बाजूंना एकदा नजर फिरवायची आणि मगच बसायचं. आजऱ्याकडच्या त्यांच्या गावात पूर्वी शिकार व्हायची, तेव्हा हाका घालून जनावरं उठवण्याआधी रान बघून यायचं काम त्यांचं असे. बंदूक त्यांनी कधी हातात धरली नाही. एकट्यानं पायी फिरायचं आणि डुकरं कुठे उकरतात, कुठे लोळतात, उठली तर कुठून पळतील, ते येऊन सांगायचं. शिकार कधीच बंद झाली, नजर मात्र तशीच राहिली.

बुकित पंजांगला त्यांच्या मुलाच्या, संदीपदादांच्या फ्लॅटमध्ये मी एक खोली घेऊन राहत होतो. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. परदेशात उतरलो त्या दिवशी दादा आणि वहिनींनी समोर गरम आमटी-भात ठेवला, ते मी जन्मभर विसरणार नाही. मी गडहिंग्लजचा आहे हे कळल्यावर बापूंना तर माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. "काय गडहिंग्लजकर, सुटलं का हापिस?" एवढं विचारून ते शेजारी जागा करून देत.

बायको वारल्यावर बापू गावी एकटेच होते. एकदा न्हाणीत पडले, आणि दादांनी धास्तीनं त्यांना इकडे आणलं. ते परत जायचा विषय काढत तेव्हा दादा म्हणत, दिवाळी होऊ द्या. दिवाळी झाली की दादांच्या मुलीची परीक्षा येई. बापू वाद घालत नसत. चौदाव्या मजल्याच्या खिडकीशी उभे राहत. "इथनं समदं दिसतंय," एकदा म्हणाले, "आणि जाता कुठंच येत न्हाई."

शनिवारी सकाळी मात्र आम्ही दोघं फिरायला जायचो. ब्लॉकच्या मागे जंगलाची कड आहे. एकदा तिथलं गवत उलटंपालटं झालेलं दिसलं आणि बापू खाली बसले. माती बोटांनी चुरून बघितली. ओल ताजी आहे, कळप आहे, बरोबर पिल्लं आहेत, असं सांगताना त्यांचा आवाजच बदलला होता. मग ते पुढे आणि मी मागे. वाट अरुंद होत गेली, एका अंगाला कालव्याचं रेलिंग आणि दुसऱ्या अंगाला तारेचं कुंपण.

वळणावर डुकरीण समोर आली. मागे पिल्लं, त्यांच्या मागे एक थोराड नर. बापूंनी माझ्या छातीवर आडवा हात धरला.

"हलू नगंस. माणसाचा वास लागला की जातील."

ती गेली नाहीत. वास घेत सरळ आमच्यावर चालून आली. आम्ही कुंपणाला पाठ लावली, आणखी मागे सरकायला जागाच नव्हती. बापूंच्या हातात येताना दुकानातून घेतलेल्या ब्रेडची पिशवी होती. डुकरिणीनं तिला मुसंडी मारली, बापूंनी पिशवी सोडली, आणि आमच्या गुडघ्यांना घासत सगळा कळप त्या ब्रेडवर पडला. खाऊन झाल्यावर सावकाश निघून गेला. इथे कुणीतरी त्यांना खायला घालत असणार. घरापर्यंत बापू एकच वाक्य बोलले, "माणसाला बघून पळंना झालीत रं."

घरी मी सगळं सांगितलं. दादा घाबरले. यापुढे खाली उतरायचंच नाही, म्हणाले. नातीनंही इथल्या इंग्रजीत बजावलं, "आजोबा, कॅनॉट लाह." अजिबात जायचं नाही. बापूंनी सगळं ऐकून घेतलं.

"संदीपा, त्या डुकरांनी माझ्याकडं बघितलंच न्हाई. पिशवीकडं बघितलं."

दादा हसले.

"हसू नगंस. सांजच्याला तू येतोस, दाराशी पिशवी वाजती, आणि मी उठून येतो. काय आणलंस बघायला. भूकबी नसती मला." मग म्हणाले, "मला जाऊ दे. पडलो तर गावात पडंन."

दादा उठून स्वयंपाकघरात गेले. बराच वेळ नळ वाहत होता. पुढच्या आठवड्यात त्यांनी बापूंच्या गावातल्या पुतण्याला रात्री त्यांच्या घरी झोपायला जायला सांगितलं आणि बापूंचं तिकीट काढलं. परतीचं काढू का, असं विचारलं नाही.

चांगी विमानतळावर मी पाया पडलो तेव्हा बापूंनी विचारलं, "तू कवा येणार?"

पुढच्या वर्षी नक्की, मी म्हणालो.

"पुढच्या वर्षी कवा?"

मी नव्या प्रोजेक्टचं सांगायला लागलो, मग पीआरच्या, इथे कायमचं राहायच्या परवान्याच्या अर्जाचं. दादांची दिवाळी ऐकून घेत तसंच त्यांनी तेही शांतपणे ऐकलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून "बरं" म्हणाले आणि आत गेले.

त्या संध्याकाळी मी आईला फोन केला. तिनं काही विचारायच्या आत मार्चमध्ये येतोय म्हणून सांगून टाकलं. साहेबांकडे रजा अजून मागायची होती.