खूण मागच्या दारावर

कोंडाण्याची लेणी बघायला माणसं येतात, पण माझ्या धाकट्या जावेची खानावळ कुणाला सापडेना. ती बंदच करायला निघाली होती. मग कुणालाही भर घालता येते अशा मोबाइलवरच्या नकाशात मीच ती खानावळ घातली. खूण मात्र ठेवली मागच्या दारावर. आम्ही बायका एकमेकींकडे पुढून कधी जातो का?

रविवारी सहा पाहुणे फोन बघत बघत थेट परसात! जाऊ तिथं बोंबील धूत बसलेली.

"ताई, पुढचं दार काय मेलं होतं?" ती माझ्यावर ओरडली.

पाहुणे तिथंच जांभळीखाली बसले, भाकऱ्या मागून मागून जेवले. संध्याकाळी मी खूण पुढं सरकवायला घेतली, तर ती म्हणाली, "राहू द्या. बाकडी मागंच टाकते. तुमी उद्या भाकऱ्या थापायला या."