टुवालाखालचा भाव

आयुष्यात एकच वस्तू मी घासाघीस न करता घेतली, आणि त्याला पेडण्याची एक बाई कारणीभूत आहे. बायको म्हणते, मीच कारणीभूत आहे.

गोव्यातल्या खाणी पुन्हा सुरू होणार अशी हवा झाली, तेव्हा खनिज चाळायचं एक जुनं यंत्र मी इंग्लंडमध्ये हेरून ठेवलं. त्याआधीचं यंत्र हातचं गेलं होतं. पाळी गावच्या एका टिपरवाल्याने, म्हणजे खनिजाच्या ट्रकांच्या मालकाने, विमानतळावर शेजारी बसून माझ्या लॅपटॉपवरचा आकडा वाचला आणि थोडे जास्त देऊन ते उचललं. टिपरवर क्लिनर म्हणून सुरुवात केलेला माणूस मी. असलं विसरत नाही.

या वेळी यंत्राचा भाव सांगणारं पत्र विमानातच लिहायचं आणि उतरल्याबरोबर पाठवायचं, असं ठरवलं. मोपा विमानतळावरून इंग्लंडचं विमान उडालं आणि पुढच्याने लगेच सीट मागे पाडली. लॅपटॉप छातीला टेकला, पडदा अर्ध्याहून जास्त उघडेना. शेजारी साठीची एक बाई, मांडीवर उंडे-पावांची पिशवी. तिची नजर माझ्या पडद्यावर. बैलांच्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतात, ते आठवलं. मी बॅगेतून टुवाल काढला, लॅपटॉप आणि हात झाकले, उजेड कमी केला आणि खाली वाकून टाइप करत राहिलो.

"लॅपटॉपाक थंडी वाजता काय ओ?" बाई म्हणाली.

मी टुवाल आणखी पुढे ओढला.

"गाव खंयचा तुमचा?"

माझं गाव मुळगाव, पण ते सांगितलं तर पाळीपर्यंत बातमी जायला वेळ लागत नाही. "सर्वण," मी दुसरंच गाव सांगितलं.

"सर्वण? माझा माहेर! सासर पेडण्याक. कोणाचे तुम्ही?"

मी कानात इअरफोन घातले. गाणं लावलं नव्हतं.

जेवणाचा ट्रे आला तेव्हा टुवाल काढावाच लागला. लॅपटॉप मिटणार, इतक्यात तिने माझ्या कोपराला हात लावला.

"भाऊ, रागावू नका. अक्षरांत अठ्ठावीस हजार पौंड आसत मां? आकड्यांत तुम्ही दोन लाख ऐंशी हजार लिवलात. एक शून्य ज्यादा पडलाहा."

बघितलं. खरंच होतं. टुवालाखालच्या अंधारात एक शून्य जास्त दाबलं गेलं होतं.

"तुम्ही वाचत होता?"

"बँकेत कॅशियर होतंय मी. वाचूचा नसला तरी शून्यां दिसतत."

शून्य खोडलं. पण आता हिला आकडा ठाऊक झाला. माहेर सर्वण, सासर पेडणे, मध्ये किती नातेवाईक, त्यातला एक जरी टिपरवाला निघाला तर? शेवटी मी अठ्ठावीसचे साडेअठ्ठावीस केले.

सामानाच्या पट्ट्याजवळ ती पुन्हा भेटली. "शून्य काढलात मां?"

"काढलं."

वरचे पाचशे मी तिला सांगितले नाहीत. तिथेच उभा राहून पत्र पाठवलं. टॅक्सीत बसेपर्यंत यंत्राच्या मालकाचं उत्तर आलं: मान्य. अठ्ठावीसला किती ताणायचं, कुठे सोडायचं, सगळं मनात मांडून ठेवलं होतं. एक शब्द बोलायला मिळाला नाही.

यंत्र आता मुळगावात चालतं. बायको विचारते, त्या बाईचे आभार तरी मानलेस का? मानेन. आधी पाळीला तिचं कोणी आहे का, ते कळू दे.