मामांची खाडी

शत्रू हा समुद्रातूनच येतो, यावर माझ्या बायकोच्या मामांइतका गाढ विश्वास दुसऱ्या कुणाचा असेल असं मला वाटत नाही. मामा विजयदुर्गच्या खाडीवरचे. कुवेतच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे काढायचे आणि तिथल्याच समुद्रकाठच्या फिंतासला आमच्याच घरी राहायचे. ताटात आमटी पडली की तिची खाडी व्हायची, भात म्हणजे किल्ल्याजवळ पाण्याखाली बांधलेली भिंत आणि पापडाचे तुकडे म्हणजे चाल करून आलेली परकी जहाजं. ती भिंत न दिसल्यामुळे जहाजं फुटायची आणि मामा ती खाऊन टाकायचे. आमच्याकडे सत्यनारायणाला येणाऱ्यांना साधुवाण्याच्या नौकेपेक्षा ही जहाजं जास्त पाठ होती. मी एकदा विचारलं, "पण पुढे किल्ला पडला ना?"

"जेवा आधी, जावयबापू. आमटी थंड होता."

नव्वदच्या ऑगस्टात इराकी रणगाडे आले ते वाळवंटाकडून, सरळ हमरस्त्याने. मामा तेव्हा गच्चीत समुद्राकडे तोंड करून उभे. "पाठसून येतत? ही काय रीत झाली?" मी पलंगाखाली होतो, त्यामुळे रीतीबद्दल बोलायचा मला अधिकार नाही.

मग हसणं संपलं. दुकानं ओस पडली. मामांचं एक्स-रे मशीन सैनिकांनी ट्रकमध्ये घालून नेलं. पुढे सैनिकांनी किनाऱ्यावर सुरुंग पेरले, काटेरी तारा ओढल्या, तसं मामांच्या तोंडावर तेज आलं. "बघा, हे दर्याक घाबरतत! सोडवणारी जहाजं हयसूनच येतली. मी खंय जाणार नाय."

आम्हाला बगदादमार्गे अम्मानला जाणाऱ्या बसमध्ये जागा मिळाली. मामांनीच वाढवलेली माझी बायको बांधलेल्या सामानावर बसून राहिली. "तुम्ही नाही, तर मीही नाही." शेजारी आमची मुलगी कालच्या खुबूस रोटीचा तुकडा पाण्यात बुडवून खात होती. मामा तिच्याकडे बघत राहिले.

"अगो बाय, आपलो किल्लोय शेवटी पडलो. भिंत होती थंयच होती. जमिनीकडसून आपलेच लोक इले." मग अगदी हळू म्हणाले, "तेवढा मी कधी कोणाक सांगलंय नाय. चला, उठा."

फेब्रुवारीत कुवेत सुटलं, तेही वाळवंटाकडूनच. जहाजं लांब उभी राहिली, किनाऱ्यावर कुणी उतरलंच नाही. ते आम्ही गावी रेडिओवर ऐकलं. मला आठवते ती बस. समुद्राकडची खिडकी मामांना मिळाली होती. त्यांनी ती मुलीला दिली. ती लगेच झोपली, तिच्या तोंडावर ऊन आलं. मामांनी खांद्यावरचा पंचा काचेवर धरला, समुद्र दिसेनासा झाला. हात भरून आला तरी त्यांनी तो खाली घेतला नाही.